मसाल्याच्या छोट्या व्यवसायासाठी वेबसाइट : वर्डप्रेस, शॉपिफाय की आणखी काही?

लालबागकर
लालबागमधल्या एका घरगुती मसाले-पापड व्यवसायाची वेबसाइट उभी करायची आहे. माल साधारण असा : मालवणी, गोडा, कांदा-लसूण, घाटी, मच्छी मसाला वगैरे धरून २८ प्रकार, प्रत्येकाची १००, २५० आणि ५०० ग्रॅमची पाकिटं. शिवाय पापड आणि कुरडया. सध्या सगळ्या ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात आणि वहीत लिहिल्या जातात. निम्मं गिऱ्हाईक मुंबईतलं, बाकी पुणे-नाशिक आणि थोडं बेंगळुरूकडचं.

साइट रोज सांभाळणाऱ्या व्यक्तीला कोडिंग येत नाही. मोबाइल सफाईने वापरता येतो, घरात एक जुना लॅपटॉप आहे. मार्च ते मे हा मसाल्याचा हंगाम, त्याच्या आत साइट चालू व्हायला हवी. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवा. कुठलं सीएमएस (म्हणजे साइटचा मजकूर भरायचं-बदलायचं सॉफ्टवेअर) घ्यावं? आणि घेताना कुठे फसायला होतं तेही सांगा.

सव्वासात_लोकल
वर्डप्रेस. डोळे झाकून घ्या. २००३ पासून आहे, फुकट आहे, अडलं तर गल्लोगल्ली माहितगार सापडतो.

नेटकरी
घ्या, पण डोळे उघडे ठेवून. वर्डप्रेस नावाच्या दोन वस्तू आहेत आणि नवखा माणूस पहिल्याच पायरीवर तिथे गोंधळतो. डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर. ते तुम्ही घेतलेल्या होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) बसवायचं, त्याचा सगळा ताबा तुमचा. डॉट कॉम ही तयार सेवा आहे. तिथे होस्टिंग त्यांचं, आणि काय करता येईल ते तुम्ही कुठला प्लॅन घेता त्यावर. लोक जेव्हा 'वर्डप्रेस फुकट आहे' म्हणतात तेव्हा ते पहिल्याबद्दल बोलत असतात, आणि त्यातही होस्टिंगचे आणि डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पैसे लागतातच.

त्याआधी एक गोष्ट. सीएमएस निवडण्यापूर्वी डोमेन निवडा आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट करून देणारा 'मी घेतो डोमेन' म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. होस्टिंग बदलता येतं, सीएमएस बदलता येतं, पण पाकिटावर छापलेला पत्ता दुसऱ्याच्या खात्यात असेल तर तुमच्या हातात काही राहत नाही.

दुसरी कसोटी : उद्या निघायचं ठरलं तर बरोबर काय नेता येईल? गूगलने बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट साध्या वेबसाइट दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या बंद केल्या. काही महिने तो पत्ता प्रोफाइलकडे वळवला जात होता, मग तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता कार्डावर छापला होता त्यांची कार्डं वाया गेली. विक्स या तयार सेवेवर बांधलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. शॉपिफाय या दरमहा वर्गणीच्या तयार दुकान-सेवेतून मालाची आणि ग्राहकांची यादी सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत, निघते, पण त्यात फोटोंच्या फक्त लिंक असतात, म्हणून खातं बंद करण्याआधी फोटो उतरवून घ्यावे लागतात. वर्डप्रेसच्या 'एक्सपोर्ट'मध्येही फोटो येत नाहीत हं. त्यासाठी होस्टिंगवरचा अपलोड्स फोल्डर वेगळा घ्यायचा.

कुर्ला_टर्मिनस
मी शॉपिफायच्या बाजूने. धागाकर्त्याने लिहिलंय की सांभाळणाऱ्या व्यक्तीला तांत्रिक काही येत नाही आणि हंगाम तीन महिन्यांचा. एप्रिलमध्ये मिरची वाळवायची, भाजायची, दळायची की प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे जास्तीचे भाग) अपडेट करायचे? शॉपिफायमध्ये सर्व्हर, सुरक्षा, एसएसएल, अपडेट काहीच बघायचं नाही. मोबाइल ॲपवरून ऑर्डर दिसते, पत्ता निघतो, साठा कमी होतो. एका दिवसात दुकान मांडून होतं. दरमहा पैसे जातात हे खरं, पण ते मनःशांतीचे आहेत.

हिशेबनीस
@कुर्ला_टर्मिनस, सोय मान्य, हिशेब पूर्ण मांडू या. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात मिळत नाही. म्हणजे रेझरपे, पेयू, सीसीॲव्हेन्यू असं कुठलंतरी गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) जोडावं लागतं. गेटवेचं शुल्क कार्ड-नेटबँकिंगला साधारण २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि बाहेरचं गेटवे वापरल्याबद्दल शॉपिफायचं वेगळं व्यवहारशुल्क. २५० ग्रॅमच्या पाकिटावर नफा किती सुटतो ते धरून ही बेरीज आधी करा.

वर्गणी कुठलीही असो, एक गोष्ट सगळ्यांना लागू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून ई-मॅन्डेट (आपोआप वसुलीची आगाऊ संमती) नोंदवल्याशिवाय कार्डावरून आपोआप वसुली होत नाही. परदेशी सेवेचं 'ऑटो रिन्यू' चालू दिसतं आणि प्रत्यक्षात पैसे कापलेच जात नाहीत. मग डोमेन संपतं, ईमेलसुद्धा बंद पडतं, आणि कारण कळेपर्यंत आठवडा जातो. डोमेन डॉट कॉमचं असेल तर सवलतीचे दिवस उलटल्यावर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात सोडवायला जबर दंड, त्यानंतर ५ दिवसांत नाव सगळ्यांसाठी मोकळं. डोमेन एकदम ३ किंवा ५ वर्षांचं भरा आणि संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवा.

होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा.

पार्लेकर
मुळात सीएमएस हवंच कशाला? २८ माल आहेत. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू बसतात. गूगल बिझनेस प्रोफाइल पक्कं करा, फोटो, वेळा, फोन नंबर टाका. 'मसाला लालबाग' शोधणाऱ्याला आधी नकाशाच दिसतो.

नेटकरी
@पार्लेकर, प्रोफाइल करायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला नकाशा काय कामाचा? त्याला 'गोडा मसाला ऑनलाइन' शोधल्यावर पान सापडायला हवं. आणि कॅटलॉगमध्ये पैसे, पिनकोडप्रमाणे कुरिअर, पावती हे कुठे बसवणार?

गच्चीवरचा_वाळवण
जूमला आणि द्रुपल या सीएमएसबद्दल कोणी बोलत नाही ते?

नेटकरी
दोन्ही चांगली आहेत, या कामाला नाहीत. द्रुपल मोठ्या संस्थांच्या, हजारो पानांच्या साइटसाठी. ते चालवायला जाणकार माणूस हाताशी लागतो, आणि एका मोठ्या आवृत्तीतून दुसरीत जाणं हे स्वतंत्र काम असतं. द्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला तेव्हा कितीतरी साइट पुन्हा बांधाव्या लागल्या. जूमला २००५ पासून आहे, पण दुकानासाठी वूकॉमर्स या वर्डप्रेसच्या प्लगइनइतकी तयार जोडणी आणि इतके माहितगार तिथे मिळत नाहीत.

शिरोरेखा
मराठी साइट म्हटलं की जे हमखास बिघडतं ते सांगते, कारण थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, निवडताना कोणी हे बघत नाही.

बऱ्याच तयार थीममध्ये मथळ्यांना आणि बटणांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जास्तीचं अंतर) दिलेलं असतं. रोमन अक्षरांत ते देखणं दिसतं. देवनागरीत मात्र शिरोरेखा तुटते. 'मालवणी मसाला' ऐवजी 'मा ल व णी' असे सुटे तुकडे दिसतात. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर १.२ असेल तर वरच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात, किंवा मथळ्याच्या चौकटीत कापले जातात. १.६ च्या आसपास ठेवा. थीम विकत घेण्याआधी तिच्या नमुना पानावर 'र्‍हस्व', 'कुर्‍हाड', 'हृद्य', 'कुरड्या' असे शब्द टाकून बघा. एका मिनिटात निकाल लागतो.

फाँट : 'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' (Baloo). दोन्ही मुंबईच्याच एक टाइपचे, गूगल फाँट्सवर मोफत. मजकुराला मुक्त, पाटीसारख्या मथळ्याला बलू. दोनपेक्षा जास्त जाडी घेऊ नका. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फाँटची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते आणि चार जाड्या घेतल्या तर मोबाइलवर पान रेंगाळतं. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा 'मराठी' निवडा. मग ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

आणखी एक. छापखान्याकडून आलेला माहितीपत्रकाचा मजकूर बहुधा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये, असतो. तो कॉपी करून साइटवर चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर एकदा नजरेखालून घाला. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसलेली असते.

सव्वासात_लोकल
@शिरोरेखा, वाचनखूण साठवली. लेटर-स्पेसिंगचं कारण आज कळलं.

लालबागकर
फार उपयोगी. पानाचा पत्ता, म्हणजे लिंक, मराठीत ठेवावी का? आणि दोन भाषांसाठी वेगळं प्लगइन लागेल?

शिरोरेखा
लिंक रोमन अक्षरांतच ठेवा. कारण नेमकं आहे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइटचं. लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अंक-अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. वर्डप्रेसमध्ये लिंकच्या त्या तुकड्याला जागा २०० ची. २०० भागिले ९, म्हणजे २२ चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'घरगुती पारंपरिक मालवणी मसाला' एवढं शीर्षक दिलं तर लिंक 'मसाला'तल्या 'म'नंतरच तुटते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांची चार ओळींची माळ दिसते, गिऱ्हाईक ती उघडायला बिचकतं.

भाषांसाठी प्लगइन घेऊ नका. २८ मालांना एकाच पानावर वर मराठी, खाली इंग्रजी वर्णन पुरतं. मथळ्यात दोन्ही नावं द्या. मराठी माणूससुद्धा शोधताना बऱ्याचदा रोमन अक्षरांत टाइप करतो, त्यामुळे ते नाव पानावर असायलाच हवं. भाषेचं प्लगइन घेतलं की मेनू, बटणं, कार्ट, पावतीचा मेल सगळ्याच्या दोन प्रती सांभाळायच्या. ते काम कधीच संपत नाही.

पिनकोड_४०००१२
कुरिअरचा भाग वूकॉमर्समध्ये नीट बसवता येतो, पण एक सापळा आहे. शिपिंग झोन (पाठवणीच्या दराचे विभाग) वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला जुळतो तोच लागू होतो. म्हणून 'मुंबई' हा झोन सर्वांत वर, मग 'महाराष्ट्र', मग 'भारत'. उलटं ठेवलं तर परळच्या गिऱ्हाइकालाही बेंगळुरूचा दर लागतो.

मुंबईसाठी लोक ४००* असं लिहितात. त्यात ठाण्याचे ४००६ आणि नवी मुंबईचे ४००७ ने सुरू होणारे पिनकोडही येतात. घरपोच देणारा मुलगा फक्त दादर-परळ-भायखळा करणार असेल तर पिनकोड एकेका ओळीवर लिहा. फक्त मुंबई हवी असेल तर ४००००१ पासून ४००१०४ पर्यंतचा पट्टा मधे तीन टिंबं देऊन लिहिता येतो. उलट वसई, डोंबिवली ४०० मध्ये नाहीत. तिथलं गिऱ्हाईक स्वतःला मुंबईकर समजतं आणि दर बघून फोन करतं, तेव्हा शुल्काच्या पानावर हे आधीच लिहून ठेवा.

वजन लिहिताना पाकिटाचं भरलेलं वजन लिहा. २५० ग्रॅम मसाला, त्यावर पाऊच, खोका, चिकटपट्टी. कुरिअर बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्यांत आकारतो, त्यामुळे दोन पाकिटांची ऑर्डर कागदावर ५०० भरते आणि काट्यावर पुढच्या टप्प्यात जाते. तो फरक तुमच्या खिशातून जातो.

गच्चीवरचा_वाळवण
अवांतर : कांदा-लसूण मसाला साध्या प्लास्टिकमध्ये पाठवू नका. तेल सुटतं, खोक्याला डाग पडतो आणि वास बाजूच्या गोड्या मसाल्यात शिरतो. आतून फॉइलचा जाड पाऊच आणि दोनदा सील. कुरडया मात्र कुरिअरने नकोच, पोचेपर्यंत चुरा होतो.

हिशेबनीस
कुरडया फक्त 'दुकानातून घेऊन जा' ठेवता येतील. वूकॉमर्समध्ये ती सोय आहे.

कराचं लिहून टाकतो. माल राज्याबाहेर पाठवून विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. धागाकर्त्याने बेंगळुरू लिहिलंय, म्हणून हे आधी सीएकडून मार्गी लावा. नोंदणी नसेल तोवर साइटवर फक्त महाराष्ट्र चालू ठेवा आणि कर आकारू नका.

नोंदणी झाली की : मसाल्यावर ५ टक्के, पापडावर शून्य. कराच्या तक्त्यात महाराष्ट्रासाठी दोन ओळी, सीजीएसटी २.५ प्राधान्य १ आणि एसजीएसटी २.५ प्राधान्य २. बाकी भारतासाठी एक ओळ, आयजीएसटी ५ प्राधान्य १, आणि ती महाराष्ट्राच्या खाली. एका प्राधान्याची एकच ओळ लागू होते, त्यामुळे दुहेरी कर लागत नाही. पापडाला 'झीरो रेट' वर्ग द्या. किमती करासह टाकल्या आहेत हा पर्याय निवडायला विसरू नका. पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि कर त्यात धरलेला असतो. पर्याय चुकला तर साइट एमआरपीवर आणखी ५ टक्के लावते, आणि एमआरपीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे.

गेटवेवाले खातं चालू करण्याआधी साइट उघडून बघतात. संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा आणि डिलिव्हरी ही पानं नसतील तर अर्ज अडकतो. फूटरमध्ये एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी नाव आणि फोन द्या. मालाच्या पानावर निव्वळ वजन आणि एमआरपी. हे सगळं शॉपिफायवरही तितकंच लागतं.

पिनकोड_४०००१२
मालाची यादी एकेक भरत बसू नका, सीएसव्हीतून आयात होते. फक्त एक्सेलमध्ये साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. साधी सीएसव्ही निवडली तर सगळं मराठी प्रश्नचिन्हांत बदलतं आणि परत येत नाही. गूगल शीट्समध्ये केली तर ही भानगड नाही.

कुर्ला_टर्मिनस
हे सगळं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. झोन, कर, फाँट, लिंक, आणि अजून बॅकअपवर कोणी बोललंच नाही!

नेटकरी
बोलतो. निम्मी कामं, म्हणजे झोन, कर, धोरणांची पानं, शॉपिफायमध्येही करावीच लागतात. वर्डप्रेसमध्ये जास्तीचं आहे ते अपडेट आणि बॅकअप.

बॅकअप म्हणजे फाइल आणि डेटाबेस दोन्ही, आणि ठेवायचा तो होस्टिंगच्या बाहेर, गूगल ड्राइव्हवर वगैरे. अपड्राफ्टप्लस या प्लगइनने हे ठरल्या वेळी आपोआप होतं. ऑर्डर येत असतील तर डेटाबेस रोज, फाइल आठवड्यातून एकदा. आणि हंगामाआधी तो बॅकअप एकदा दुसरीकडे उतरवून साइट उभी राहते का ते बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

अपडेट करताना आधी बॅकअप, मग प्लगइन एकेक करून, मग थीम, मग वर्डप्रेस. सगळे एकदम केले आणि साइट पांढरी पडली तर दोषी कोण ते कळत नाही. तशी पडलीच तर मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस व्यवस्थापकाच्या ईमेलवर दुरुस्तीची लिंक पाठवतं. म्हणून तो ईमेल रोज उघडला जाणारा ठेवा. बनवून देणाऱ्याचा नको.

प्लगइन ८-१० च्या वर जाऊ देऊ नका, आणि विकतचं प्लगइन 'फुकट' देणाऱ्या साइटवरून काहीही घेऊ नका. त्यात मागचं दार उघडं ठेवलेलं असतं. काही आठवडे काही दिसत नाही, मग तुमच्या मसाल्याच्या साइटवरून गिऱ्हाईक जुगाराच्या पानावर जातं.

फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवू नका. एका फोटोच्या वर्डप्रेस आणि वूकॉमर्स मिळून आठ-दहा आकारांच्या प्रती तयार होतात. स्वस्त होस्टिंगवर फाइलींच्या संख्येला मर्यादा असते, जागा शिल्लक असूनही साइट अडते. १२०० पिक्सेल रुंद, वेबपी, दीडशे-दोनशे केबीच्या आत.

पार्लेकर
संपर्काच्या फॉर्मचे मेल स्पॅममध्ये जातात, त्याचंही सांगा. ही तक्रार सगळीकडे दिसते.

नेटकरी
कारण फॉर्म 'प्रेषक' म्हणून गिऱ्हाइकाचा पत्ता लावतो आणि मेल निघतो तुमच्या सर्व्हरवरून. समोरच्याला तो बनावट वाटतो. प्रेषक तुमच्या डोमेनचा ठेवा, गिऱ्हाइकाचा पत्ता 'उत्तर पाठवा' मध्ये. एसएमटीपीचं प्लगइन लावा आणि डोमेनच्या नोंदींत एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी) भरा. ऑर्डरचे मेलही त्याच वाटेने जातात, त्यामुळे हे हंगामाआधी झालंच पाहिजे.

मूळ प्रश्नाकडे येतो. रोजच्या ऑर्डर किती, यावर ठरवा. साइटवरच पैसे भरून दिवसाला २०-२५ ऑर्डर येणार असतील आणि घरात कोणीच अपडेट बघणार नसेल, तर @कुर्ला_टर्मिनस म्हणतात ते शॉपिफाय योग्य. पण आता गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर बोलून घेतं. त्याला एका रात्रीत कार्टवर नेता येणार नाही. म्हणून स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस, साधी ब्लॉक थीम, या हंगामात फक्त माल-किंमत-फोटो आणि प्रत्येक मालाखाली व्हॉट्सॲपचं बटण. वूकॉमर्स बसवा पण पेमेंट जूनमध्ये, गर्दी ओसरल्यावर जोडा. तोवर नोंदणी, धोरणांची पानं, गेटवे सगळं सावकाश होईल.

कुर्ला_टर्मिनस
मला पटत नाही, हंगामातच पेमेंट नसेल तर साइटचा उपयोग अर्धा. पण दरमहा कोण साइट उघडून अपडेट करणार त्याचं नाव आजच ठरवा. ते नाव ठरलं तर वर्डप्रेसला माझी हरकत नाही.

लालबागकर
नाव ठरलं, घरातली पुतणी करणार आहे. डोमेन आज ५ वर्षांसाठी घेतलं, स्वतःच्या खात्यात. वर्डप्रेस आणि व्हॉट्सॲपचं बटण, पेमेंट जूनमध्ये. सगळ्यांचे मनापासून आभार. साइट लोकांना दाखवण्याआधी शेवटचं काय तपासावं?

पिनकोड_४०००१२
सेटिंग्जमधलं 'रीडिंग' पान. तळाशी सर्च इंजिनांना साइट नोंदवू नका सांगणारी चौकट असते. बांधताना ती टिक केलेली असते आणि तशीच राहून जाते. मग साइट उत्तम दिसते, पण गूगलवर महिनोन्महिने सापडत नाही. टिक काढा, आणि मोबाइलचं वायफाय बंद करून पान उघडायला किती सेकंद लागतात ते परळ स्टेशनच्या गर्दीत उभं राहून मोजा.

शिरोरेखा
आणि 'कुरड्या' नीट दिसतंय का बघा.